चार स्क्रीनचे पैसे घेतले, स्क्रीन एकही नव्हती

डिचोलीजवळच्या आमच्या नाट्यमंडळाला यंदा ५० वर्षं झाली. जत्रेच्या नाटकाला सगळ्यांनी सारखे पांढरे टी-शर्ट घालायचे, छातीवर मंडळाच्या पहिल्या पेटीवाल्या आजोबांचा फोटो, असं ठरलं. त्यांचा फोटो एकच, काळा-पांढरा. गालावरच्या सुरकुत्याही मोजता येतील असा.

म्हापशाच्या एका छपाईवाल्याने नमुना दाखवला. सुंदर होता, बोट फिरवलं तर शाई कापडात मुरलेली. ८० शर्ट, नगाला २६० रुपये, शिवाय "फोटोत चार शेड आहेत, चार स्क्रीन लागतील," म्हणून स्क्रीनचे २,४०० वेगळे. स्क्रीन म्हणजे चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यातून शाई कापडावर उतरवतात. १५,००० आगाऊ दिले. "काळजी करू नका बाब," म्हणाला. माल आला जत्रेच्या आदल्या संध्याकाळी. रंगपटात गडबड, बघायला वेळ नव्हता. उरलेले ८,२०० देऊन टाकले.

नाटकाच्या रात्रीच दिव्याखाली फोटोभोवती चकाकणारा चौकोन दिसला. पहिल्या धुण्यात आजोबांच्या मिशीला तडे गेले. मी कोपऱ्यात नख घातलं, तर पापुद्रा सोलून हातात आला. कागदावरचा प्रिंट गरम इस्त्रीने दाबून चिकटवला होता.

सावंतवाडीचा माझा मावसभाऊ हेच काम करतो. त्याने जे सांगितलं ते आधी माहीत असतं तर आम्ही फसलो नसतो. स्क्रीनमधून शाई उतरते किंवा उतरत नाही, अर्धी शाई असा प्रकार नाही. म्हणून फोटोचे ठिपके करावे लागतात, त्याला हाफटोन म्हणतात. गडद जागी ठिपका मोठा, उजळ जागी बारीक, आणि डोळ्याला त्यातून राखाडी दिसतो. टी-शर्टवर इंचात साधारण ४५ ते ५५ ठिपके बसवतात, त्याला जाळीही बारीक लागते. जाड जाळीत गालावरचे बारीक ठिपके गळून जातात. म्हणजे पांढऱ्या शर्टावर काळा-पांढरा फोटो एका काळ्या शाईत, एका स्क्रीनमध्ये होतो. फारच नाजूक काम हवं असेल तर एखादी राखाडी शाई वाढवतात. रंगीत फोटोला चार स्क्रीन लागतात हे खरं, आणि गडद शर्ट असेल तर खाली पांढऱ्याचा थर आणखी. आमच्याकडून मात्र रंगीत फोटोचा हिशेब लावला.

मी परत गेलो, स्क्रीन दाखवा म्हटलं. "धुतल्या." हे खरं असू शकतं, जाळी धुऊन पुन्हा वापरतात. मग फिल्म दाखवा, म्हणजे चित्र छापलेला तो पारदर्शक कागद, ज्यावरून स्क्रीन तयार होते. म्हणाला, "त्याही धुतल्या." फिल्म धुवायची वस्तूच नाही! प्रत्येक स्क्रीनची फिल्म निघते आणि पुढच्या ऑर्डरसाठी जपून ठेवतात.

बिलावर नुसतं "टी-शर्ट प्रिंटिंग" लिहिलं होतं, तिथेच आमचे हात बांधले गेले. तुम्ही बिलावर "स्क्रीन प्रिंट, हाफटोन" आणि स्क्रीनची संख्या लिहून घ्या. फिल्म डोळ्यांनी बघा. आणि तुमच्याच फोटोचा एक शर्ट छापून घेऊन दोन-तीनदा धुवा, ताणून बघा, मगच बाकीच्या शर्टांना हो म्हणा. दुसऱ्याच्या फोटोचा नमुना काही सांगत नाही. खऱ्या स्क्रीन प्रिंटलाही तडा जातो, टी-शर्टवर वापरतात त्या प्लास्टिसोल शाईला साधारण १६० अंशांची उष्णता नीट मिळाली नाही तर. म्हणून धुऊन बघणं सोडू नका.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. दोन न धुतलेले शर्ट आणि तो सोललेला एक, मंडळाच्या पेटाऱ्यात पुरावा म्हणून जपून ठेवलेत.