पॉकेट ३ घेतलाय? मग आधी ऑटो बंद करा

डीजेआय ऑस्मो पॉकेट ३ हा हातात मावणारा छोटा व्हिडिओ कॅमेरा वापरतोय सहा महिने झाले आणि खरं सांगतो, पहिला महिना मी नुसता वैतागलेलो, कॅमेऱ्यावर नाही, स्वतःवरच. १ इंची सेन्सर आहे, जिम्बल (हात हलला तरी कॅमेरा स्थिर धरणारी मोटरवाली मान) आहे, स्क्रीन आडवी फिरवली की लगेच चालू होतो, आणि माझं फुटेज बघावं तर मोबाईलवर काढल्यासारखं. सगळं ऑटोवर सोडलेलं ना.

शटरनेच घोळ केलेला, म्हणजे एकेका फ्रेमसाठी उजेड किती वेळ आत घ्यायचा ते. भर उन्हात पुतणी पळतीये, ऑटोने शटर नेलंय १/२००० सेकंदावर, एकेक फ्रेम थांबवून बघितली तर झकास आणि चालवली की हातपाय नुसते झटके देत हलतायत. आता प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग आपल्या हातात असतं) सेकंदाला २५ फ्रेम्सला शटर १/५०, फ्रेमरेटच्या दुप्पट एवढंच गणित. हलणारी गोष्ट जराशी पुसट होते आणि तेच डोळ्याला बरं वाटतं. शिवाय ५० हर्ट्झची वीज असेल तर एलईडी लाइटखाली व्हिडिओत दिसणाऱ्या त्या सरकणाऱ्या पट्ट्या पण जातात (६० हर्ट्झवाल्यांनी ३० फ्रेम्स आणि १/६० धरा).

पण गोची अशी की लेन्सचं अॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) एफ/२ वर फिक्स आहे, कमीजास्त करता येत नाही, त्यामुळे उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) अगदी ५० वर आणला तरी १/५० ला चित्र पांढरंफटक. एनडी फिल्टर लागतोच, म्हणजे लेन्सवर लावायची गडद काच, आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. कडक उन्हात एनडी६४, ढगाळ असेल तर एनडी१६ पुरतो. चुंबकाने चिकटतात, त्यामुळे काढघाल सोपी, फक्त कॅमेरा चालू करायच्या आधी लावा, जिम्बल चालू असताना लावायला गेलं की ते बिचारं हाताशी झटापट करत बसतं.

दुसरं व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून कॅमेरा रंग जुळवतो ते. खिडकीपासून बल्बकडे कॅमेरा वळवला आणि मधेच पांढरी भिंत हळूहळू निळसरची पिवळी होत गेली, एकाच शॉटमध्ये! एडिटिंगला ते नीट करणं म्हणजे डोकेदुखी. बाहेर ५५०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपास लॉक करून टाकतो, विषय संपला.

डी-लॉग एम या फिक्या रंगात रेकॉर्ड करणाऱ्या मोडबद्दल सगळे भरभरून बोलतात, १० बिट आहे (रंगांच्या छटा जास्त), मान्य, पण कलर ग्रेडिंग, म्हणजे नंतर एडिटिंगमध्ये रंग चढवायला, बसणार असाल तरच. मी आठवडाभर करडं करडं फुटेज जमवलं आणि मग कंटाळून नॉर्मल रंगांच्या मोडवर आलो. शार्पनेस मात्र -१ करा, झाडाची पानं कातरून चिकटवल्यासारखी दिसायची बंद होतात.

फोकस, आवाज वगैरे ऑटोवरच ठेवलंय, काही तक्रार नाही. रात्री लो-लाइट मोड टाकतो आणि तिथे शटर-बिटर बघतच नाही.