घोटी ते घाटघर: भंडारदऱ्याच्या काठाने जाणारा रस्ता

कोल्हार–घोटी राज्यमार्ग आणि वारंघुशी फाट्यावरून आत वळल्यावर भंडारदरा जलाशयाला वळसा घालणारा काठाचा रस्ता, या दोहोंवरून मी गेली बारा वर्षे वेगवेगळ्या ऋतूंत जात आलो आहे. नाशिकमध्ये या भागाचा विषय निघाला की बोलणे धबधबे, काजवे आणि तंबूतला मुक्काम यांपुढे सहसा जात नाही. माझा अनुभव असा की, पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे मनात ठेवून प्रवास केला, तरच हा रस्ता पुरता कळतो. गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस, जलाशय काठोकाठ भरलेला असताना, पुन्हा एकदा पूर्ण फेरी केली. हे परीक्षण मुख्यतः त्या फेरीवर आधारलेले आहे.

नाशिकहून मुंबई–आग्रा महामार्गाने विल्होळी, वाडीवऱ्हे, मुंढेगाव असे करत घोटीला पोहोचायला पाऊण तास पुरतो. या टप्प्याविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही. घोटी ही भाताची जुनी बाजारपेठ असून इंधन, हवा, पिण्याचे पाणी जे काही भरायचे ते येथेच भरून घ्यावे, कारण काठाच्या रस्त्यावर पंप नाही. गाव मागे पडले की उजव्या हाताला कळसूबाईची रांग उभी राहते. अलंग, मदन आणि कुलंग हे तिन्ही दुर्ग ढग नसतील तर एका ओळीत दिसतात आणि त्यांच्याच रांगेत पूर्वेला १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर. राज्यमार्गाचा हा भाग मला सर्वांत व्यवस्थित वाटतो. डांबर सलग आहे, वळणांवर दृष्टी पुढेपर्यंत पोहोचते आणि दोन्ही बाजूंची भातखाचरे रस्त्याला इतकी लागून आहेत की काच खाली केली की पोटरीतल्या भाताचा गोडसर वास थेट गाडीत येतो.

बारीचा घाट चढताना नाशिक जिल्हा संपतो आणि अहिल्यानगर जिल्ह्याचा अकोले तालुका सुरू होतो. बहुतेकांना ही हद्द फक्त फलकावरून कळते, पण खरी हद्द पाण्याची आहे. रांगेच्या अलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस दारणेला मिळतो आणि पलीकडचा प्रवरेला. दारणा नाशिक जिल्ह्यातच गोदावरीत जाते. प्रवरा मात्र अकोले, संगमनेर, कोल्हार असा लांबचा प्रवास करून नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीला भेटते. म्हणजे रामकुंडावर आपण ज्या नदीत हात बुडवतो, तिलाच हे डोंगरापलीकडचे पाणी पुढे जाऊन मिळते. घाटमाथ्यावर क्षणभर गाडी थांबवून दोन्हीकडचे उतार पाहावेत असे मी सोबतच्या प्रत्येकाला सांगतो.

बारीच्या पुढे रस्त्याकडेला हिरव्या माथ्याचा किलोमीटरचा दगड आहे. शेवाळाने त्याच्यावरची अक्षरे झाकली होती, ती अंगठ्याने घासून काढली तेव्हा ‘कोल्हार’ हे नाव वर आले. या राज्यमार्गाचे ते दुसरे टोक, आणि त्याच्या अलीकडे लोणी. भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेच्या पात्रातून ओझरच्या बंधाऱ्याला पोहोचते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांनी उसाच्या शेतांत जाते. याच पट्ट्यात विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने सहकारी साखर कारखाना उभा केला आणि महाराष्ट्राच्या सहकाराचे चित्र बदलले. एका टोकाला पाऊस पडणारा डोंगर, दुसऱ्या टोकाला त्या पावसावर पिकणारा ऊस आणि मधे राजूर, अकोले, संगमनेर या बाजारपेठा, अशी या राज्यमार्गाची रचना आहे.

वारंघुशी फाट्यावरून उजवीकडे वळून शेंडीला गेले की धरण समोर येते. बांधकाम १९१० मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. त्यांचेच नाव धरणाला मिळाले. सुमारे ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत आहे आणि साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट. पावसाळ्यात हा आकडा नाशिक–नगरच्या वर्तमानपत्रांत रोज वाचायला मिळतो. १९६९ मध्ये भिंतीला तडे आढळल्यावर तिचे मजबुतीकरण करावे लागले होते. एवढा इतिहास डोळ्यांसमोर उभा असताना धरणाजवळ तो सांगणारा एकही ठळक फलक मला दिसला नाही. हॉटेलांचे आणि तंबूंचे फलक मात्र पावलोपावली आहेत. ही उणीव मला रस्त्यावरच्या खड्ड्यांपेक्षा जास्त खटकते.

शेंडीहून काठाची फेरी मुरशेतच्या बाजूने सुरू करावी, असा माझा आग्रह आहे. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत शेंडी या क्रमाने गेल्यास जलाशय सतत डाव्या हाताला राहतो, त्यामुळे थांबण्यासाठी समोरून येणाऱ्या वाहनांना आडवे जावे लागत नाही. देवाच्या प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला असतो, येथे पाणी डावीकडे ठेवून उलटी फेरी करायची. शिवाय सकाळचे ऊन पाठीमागून येत असल्याने चालकाच्या डोळ्यांना त्रास होत नाही.

मुरशेत ते उडदावणे हा टप्पा संपूर्ण फेरीत सर्वांत देखणा आणि सर्वांत अडचणीचा आहे. पाणी कधी झाडांआड जाते, कधी रस्त्याच्या कडेला येऊन टेकते. सोनकी नुकतीच फुलली होती आणि तेरडा उतरणीला लागला होता. रस्ता एकपदरी आहे आणि डांबराची कड बाजूपट्टीपेक्षा बरीच उंच राहिली आहे. गेल्या वर्षी याच टप्प्यावर एस.टी.ला वाट देताना माझे डावे चाक खाली उतरले आणि परत वर घेताना त्या धारदार कडेने टायरची बाजू फाटली. बाजूपट्टीत मुरूम भरून दाबण्याचे काम देखभाल करणाऱ्या यंत्रणेने वेळेवर केले असते, तर हे टळले असते. शेतातून एक तरुण धावत आला आणि म्हणाला, “काका, जॅक मातीत रुतंल, थांबा, फरशी आणतो.” त्याने बांधावरचा चपटा दगड आणून जॅकखाली सरकवला, चाक बदलून होईपर्यंत थांबला आणि पैसे घ्यायला ठाम नकार दिला. तेव्हापासून मी डिकीत लाकडी फळी ठेवतो. इतरांनीही ठेवावी.

घाटघरला कोकणकड्यावर उभे राहिले की सह्याद्री अचानक तुटतो आणि खाली शहापूरकडचा प्रदेश पसरलेला दिसतो. येथील पावसामुळे या गावाला नगर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. वरच्या आणि खालच्या धरणांमध्ये पाणी खेळवून वीज निर्माण करणारा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्पही येथेच आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की ते खाली सोडायचे, अशी त्याची पद्धत. कठड्यापलीकडे जाऊन छायाचित्रे काढणारे लोक प्रत्येक वेळी दिसतात. ढगात कडा दिसत नाही, हे त्यांना कोणीतरी बजावून सांगायला हवे.

साम्रदपासून रस्ता पाण्यापासून दूर जंगलात शिरतो. रतनवाडीत अमृतेश्वराच्या मंदिरासाठी निदान तासभर राखून ठेवावा. परंपरा हे मंदिर शिलाहार राजा झंझ याचे मानते आणि रतनगडाच्या कुशीत उगम पावणाऱ्या प्रवरेला अमृतवाहिनी म्हणते. शेजारच्या पुष्करणीच्या चारही भिंतींतील कोनाड्यांत मूर्ती आहेत. दुपारचे ऊन पाण्यावरून परावर्तित होऊन त्या कोनाड्यांत हलत राहते, तेव्हा दगडातली बोटे आणि दागिने वेगळे उठून दिसतात. जेवण आम्ही गावातल्या एका घरी आधी फोनवर सांगून ठेवले होते. नागलीची भाकरी, पिठले, ठेचा आणि स्थानिक काळभाताचा वाफाळता भात. मावशींनी भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या निखाऱ्यांशी उभी केली, ती टम्म फुगली आणि तशीच ताटात आली. ऐनवेळी जाऊन जेवण मागू नये. येथे स्वयंपाक माणसे मोजून होतो.

मुतखेलच्या बाजूचा रस्ता तुलनेने बरा आहे, वळणे मात्र आंधळी आहेत. हा सगळा परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वन विभागाच्या नाक्यावर शुल्क भरावे लागते आणि त्याची पावती फेरी संपेपर्यंत जपून ठेवावी. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहायला येणाऱ्यांनी वाहने नाक्यालगत ठेवून पायी जावे. गाड्यांच्या दिव्यांच्या झोतात काजवे दिसत तर नाहीतच, शिवाय त्यांचा आपापसातला लुकलुकण्याचा संवादही बिघडतो.

राज्यमार्गाच्या घोटी ते वारंघुशी टप्प्याला मी पाचपैकी चार गुण देईन आणि काठाच्या रस्त्याला अडीच; ते अडीचही तिथल्या लोकांमुळे. पावसाळ्यात लहान चाकांच्या गाड्या आणि नवशिके चालक यांनी मुरशेतची बाजू टाळून मुतखेलमार्गे रतनवाडीपर्यंत जावे आणि त्याच वाटेने परतावे. अंधार पडण्यापूर्वी शेंडी गाठणे सर्वांसाठीच आवश्यक आहे.

परतताना फाट्यावर डावीकडे घोटी आणि उजवीकडे राजूर. धरणातून पाणी सोडलेले असेल, तर उजवीकडे वळून आधी रंधा धबधबा पाहावा, जेथे प्रवरा सुमारे १७० फूट खाली कोसळते. आम्हाला उशीर झाला होता, म्हणून आम्ही डावीकडे वळलो. डिसेंबरात, ऊसतोडणी जोरात असताना, त्याच फाट्यावरून उजवीकडे वळून कोल्हारपर्यंत जायचे ठरवले आहे.