पोटाची दुर्बीण: स्प्रेवर की झोपेत?

एंडोस्कोपीची, म्हणजे तोंडातून नळी घालून पोट आतून बघण्याची, वेळ ठरवताना सोलापुरात बहुतेक ठिकाणी विचारतात, "स्प्रेवर करायची की झोपेत?" उत्तर देण्याआधी झोप कोणती ते विचारून घ्या. पोटविकारतज्ज्ञ स्वतः मिडाझोलाम टोचतात ती गुंगी वेगळी आणि भूलतज्ज्ञ प्रोपोफोल देतात ती झोप वेगळी. बिलही बदलतं, धोकाही.

दोन्ही औषधं तशी महाग नाहीत. बिल फुगतं ते भूलतज्ज्ञांची फी, आधीचा ईसीजी आणि रक्ततपासण्या, नंतरची खाट यांनी. विम्यावर फार विसंबू नका. फक्त तपासणीसाठी झालेलं दाखल होणं बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं.

स्प्रे म्हणजे लिग्नोकेन, घसा बधिर करणारं औषध. चव कडवट, मिनिट-दोन मिनिटांत घसा जाड वाटू लागतो आणि थुंकी गिळता येत नाही असं वाटतं. ते अपेक्षितच आहे. डाव्या कुशीवर झोपायचं, लाळ गिळायची नाही, तोंडाच्या कडेने गळू द्यायची, श्वास नाकाने घ्यायचा. खरे उमासे येतात ते नळी घशातून अन्ननलिकेत उतरताना. त्या क्षणी सांगतील तसं गिळायचं. पुढे हवा भरल्याने पोट ताणतं आणि ढेकर येतात. नुसतं बघायचं असेल तर पाच-दहा मिनिटांत काम होतं. बधिरपणा जाईपर्यंत चहासुद्धा नको, ठसका लागून श्वासनलिकेत जातो. कडक भाकरी तर त्या दिवशी राहूच द्या.

मिडाझोलामने उमासे कमी होतात, असं नाही की होतच नाहीत. पण ते आठवत नाहीत. माझी अडचण नेमकी इथेच आहे. माणूस अर्ध्या तासात उठून बसतो, नीट बोलतो, डॉक्टरांना प्रश्नही विचारतो, आणि संध्याकाळी त्यातलं काही आठवत नाही. तुकडा तपासायला घेतला का, रक्त पातळ करायची गोळी कधी सुरू करायची, हे सगळं सोबतच्या माणसाने ऐकून लिहून घ्यावं लागतं. वर चोवीस तास गाडी चालवायची नाही. अक्कलकोट किंवा बार्शीहून मोटरसायकलवर येणाऱ्याच्या घरातल्या दोघांचा रोज बुडतो, आणि हा खर्च बिलात दिसत नाही. स्प्रेवाला दुपारच्या एसटीने एकटा घरी जातो. म्हणून साध्या तपासणीला मी स्प्रेच घेतला.

तरीही दात घासतानाच ज्याला ओकारी येते, त्याने हट्ट धरू नये. रुग्ण फार हलला तर तपासणी अर्धवट राहते आणि दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागतात.

प्रोपोफोलने मिनिटभरात झोप लागते आणि जागही लवकर, स्वच्छ येते. पण त्याला उतारा नाही. श्वास थांबला किंवा रक्तदाब पडला तर हाताने सांभाळणारा माणूस तिथेच लागतो, म्हणून भूलतज्ज्ञांची फी वाचवू नये. मिडाझोलामला फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, मात्र त्याचा असर आधी ओसरतो आणि गुंगी परत येऊ शकते. लगेच घरी सोडलं तर घोटाळा. सोबत फेंटानिल हे कडक वेदनाशामक दिलं की श्वास मंदावण्याचा धोका आणखी वाढतो. म्हातारी माणसं, यकृत खराब झालेले, मोठ्याने घोरणारे आणि जाड मानेचे यांनी आधीच सांगावं. रोज दारू किंवा झोपेची गोळी घेणाऱ्यानेही लपवू नये, डोस त्यावरच ठरतो.

झोपेत करायची ठरलीच तर विचारा: नळी चालवणाऱ्याव्यतिरिक्त श्वासाकडे बघायला वेगळा माणूस आहे का? श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा मॉनिटर आहे का? नाकाला ऑक्सिजन लावलेला असताना बोटाला लावायचा ऑक्सिजन मोजणारा चिमटा श्वास थांबल्याचं उशिरा सांगतो. नखांची पॉलिश घरीच काढून जा. जड जेवणानंतर आठ तास आणि हलक्या खाण्यानंतर सहा तास तरी जाऊ द्या. मधुमेहाच्या किंवा वजनाच्या सेमाग्लुटाइडसारख्या औषधाने पोट उशिरा रिकामं होतं, तेही सांगा.

कोलोनोस्कोपीला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीला, मात्र माझं मत उलटं. आतड्याची वळणं ताणली की कळ येते आणि वेळही जास्त लागतो, तिथे गुंगी घ्यावी. पित्तनलिकेतला खडा काढण्याच्या ईआरसीपीला तर स्प्रेचा विचारच नको.