पन्नासची प्राइम : दहा महिने, एक पावसाळा आणि मागची भिंत

चवथीला आठ दिवस होते. कपाटातून कॅमेऱ्याची ५० एमएमची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स काढली, सवयीने मोबाईलच्या टॉर्चसमोर धरली, तर आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी! साडेआठ हजारांची वस्तू, जून ते ऑगस्ट बॅगेत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलेली, आणि मी समजत होतो की कपाटात म्हणजे सुरक्षित.

सर्व्हिसवाल्याला फोन केला. बुरशी वॉरंटीत बसत नाही, ती वापरणाऱ्याची हयगय. साफसफाईचे ३,८०० रुपये, कुरियर वेगळं. मी म्हटलं, अहो, मी वेंगुर्ल्यात राहतो, जुलैत इथे डब्यातले पापडसुद्धा मऊ पडतात, यात माझी काय हयगय? तो म्हणाला, "मग तर तुम्हाला आधीच माहीत होतं ना." यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी फोन ठेवला. पैसेही दिले नाहीत. अजून दिलेले नाहीत.

पण खरं सांगू का, माझं या लेन्सशी भांडण बुरशीवरून नाहीच. भांडण आहे मागच्या भिंतीवरून.

माझी लेन्स ५० एमएम एफ/१.८. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं आणि उजेड जास्त येतो. नवीन शिकणाऱ्याला प्रत्येक जण हीच घ्यायला सांगतो. आपल्या स्वस्त कॅमेऱ्याच्या क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, ती फुल फ्रेमच्या ७५ एमएमसारखी वागते, दृश्य आणखी अरुंद होतं, हेही सांगतात, पण पटकन आणि हळू आवाजात. आमचं माजघर दहा फूट खोल. समोरच्या भिंतीला पाठ टेकवली तरी तीन मीटर. एवढ्या अंतरावरून कॅमेरा आडवा धरला तर चौकटीत बसतं साधारण १.४ मीटर रुंद आणि ०.९ मीटर उंच. म्हणजे जेवायला बसलेल्या पंगतीतले दोन काका. तिसरा काका घ्यायचा तर भिंत पाडावी लागेल. घरात मी कॅमेरा उचलला की आई म्हणायची, "आता भायरच जाऊन उभो रव." पहिल्या महिन्यात मी ही लेन्स विकायला काढली होती. जास्त रुंद दृश्य घेणारी ३५ एमएम घ्यायला हवी होती, हे माझं तेव्हाचं ठाम मत.

मग जत्रा आल्या आणि मत फिरलं.

दशावतार, हे आमच्याकडचं लोकनाट्य, रात्री उशिरा उभं राहतं. देवळासमोरचा मांड, म्हणजे खेळाची जागा, वर चार ट्यूबलाइट, एक हॅलोजन, आणि राजाचं सिंहासन म्हणून तेच ते बाकडं. कॅमेऱ्यासोबत आलेली झूमची किट लेन्स ५५ एमएमवर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० ठेवूनही शटर १/२० सेकंदावर येऊन बसायचं. संकासुर हा राक्षस नाचायला लागला की फोटोत फक्त काळा धूर. एफ/१.८ ला जवळजवळ दहापट उजेड आत येतो. तोच आयएसओ, तोच हॅलोजन, आणि शटर १/२००. राक्षसाच्या डोळ्याखालचा रंग घामाने ओघळलेला दिसला, पायपेटीवाल्याची बोटं मोजता आली. त्या रात्री पहाटेपर्यंत मी जागचा हललो नाही आणि झूम नाही याची एकदाही आठवण झाली नाही. मांडाच्या कडेला बसलं की ५० अगदी बेताची पडते.

वाईट सवयही तिथेच लागली. महिनाभर मी सगळं एफ/१.८ वर काढलं. एक मीटरवरून माणसाचा चेहरा घेतला तर जेमतेम तीन सेंटीमीटर खोलीच स्पष्ट येते. माझ्याकडे काकांच्या नाकाच्या शेंड्याचे फार सुरेख फोटो आहेत. डोळे धुक्यात. आता माणसांसाठी एफ/२.८ आणि फोकसचा ठिपका जवळच्या डोळ्यावर, बास.

किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना तर मला हीच हवी. मागे सरकायला अख्खी पुळण मोकळी असते. खाऱ्या वाऱ्याचा चिकट थर मात्र काचेवर बसतो. आधी फुंकून वाळू उडवायची, मग पुसायची. उलट क्रमाने पुसणाऱ्याची लेन्स मी पाहिली आहे.

बुरशीचं पुढे काय, तर ती कडेला आहे आणि एरवी फोटोत दिसत नाही. सूर्य समोर असला की काळा रंग राखाडी पडतो. मी ती वाढू न देण्याच्या मागे आहे. ड्राय कॅबिनेटची, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या विजेच्या कपाटाची, किंमत लेन्सच्या जवळपास जाते, म्हणून घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, ओल शोषणारे सिलिका जेलचे निळे दाणे आणि आत अडीचशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा काटा. काटा ४५ ते ५० टक्क्यांमध्ये राहिला की मला झोप लागते. दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे. तो तवा परत स्वयंपाकात वापरू नका. बाबांचा तांदळात ठेवण्याचा सल्ला मानला नाही. तांदळाची पूड काचेत जाते. किट लेन्स वेगळ्या डब्यात. बुरशी लागलेली आणि न लागलेली एका घरात नांदवायची नाही.

राहता राहिली भिंत. चवथीला गणपतीसह त्याच्या वर टांगलेली सजवलेली चौकट, म्हणजे माटवी, घ्यायची होती : कवंडळं, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे, नारळ, सगळं एका फोटोत. माजघरातून अर्थातच बसेना. माजघराची एक खिडकी पडवीत उघडते, ती बरोबर गणपतीसमोर. पडवीच्या पार कडेला जाऊन उभा राहिलो, कॅमेरा उभा धरला, एफ/१.८ वर खिडकीच्या गजांमधून फोकस थेट मूर्तीवर लावला. गज विरघळून दोन फिकट सावल्या उरल्या, माजघरातल्या समईचा उजेड पुरला, मूर्ती आणि वरची माटवी पहिल्यांदाच एका चौकटीत आली. पागोळ्यांनी माझी पाठ पूर्ण भिजली.

आत येऊन आईला स्क्रीन दाखवली. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "डावीकडचो नारळ खय गेलो?"