बाइकवरचे ट्रॅफिक पोलीस, कोल्हापूर (पाच पैकी पाच)

नवरात्रातली ललिता पंचमी. अंबाबाईची पालखी टेंबलाईला गेलेली, सगळं गाव रस्त्यावर, आणि आमच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. घर शिवाजी पेठेत. १०८ ला फोन लावत होतो पण गल्लीच्या तोंडालाच गाड्या लागलेल्या, ॲम्ब्युलन्स आत येणार कुठनं, म्हणून शेजारच्या काकांच्या रिक्षात घातलं आणि निघालो सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात. पापाच्या तिकटीच्या चौकात अडकलो ते अडकलोच. पुढं टेम्पो आडवा, मागं भाविकांच्या गाड्या, काका हॉर्न मारून मारून दमले.

तेवढ्यात गाड्यांच्या मधनं वाट काढत एक ट्रॅफिक पोलीस बाइकवरनं आला. रिक्षात वाकून बघितलं, "सीपीआर ना?" एवढंच विचारलं, बाइक तिथंच स्टँडला लावून चालत पुढं गेला, टेम्पो मागं घ्यायला लावला, वॉकीटॉकीवरनं पुढच्या चौकात कळवलं आणि मग पार सीपीआरच्या गेटपर्यंत बाइक घेऊन आमच्या पुढं, एका हातानं लोकांना बाजूला करत. मी सगळा वेळ त्याच्या पाठीकडंच बघत होतो. वडील आता घरी आहेत, बरे आहेत.

मला आधी वाटायचं बाइक दिल्यात त्या हेल्मेट नसलेल्यांना पकडायला. पण आपल्या पेठांचे रस्ते बघा, गंगावेश काय, महाद्वार रोड काय, गर्दीच्या दिवशी जीप आत शिरूच शकत नाही, आणि कोंडी सोडवायची तर कोणीतरी कोंडीच्या मधोमध पोचायला लागतंय. ते काम बाइकच करू शकते. दंडाचं म्हणाल तर मलाही बसलाय, व्हीनस कॉर्नरला सिग्नल तोडलेला, ॲपवर फोटोसकट दिसला, चूक माझीच होती, भरून टाकला.

आठ दिवसांनी त्याच चौकात ते साहेब दिसले, थांबून सांगितलं वडील घरी आले म्हणून. "जेवतात का नीट?" म्हणाले. शर्ट पांढरा कसला, धुरानं करडा झालेला, सकाळपासनं उभे होते.

एकच मागणी आहे, सणाच्या दिवसांत गंगावेश ते सीपीआर ह्या पट्ट्यात दोन बाइक कायम फिरत्या ठेवा, कारण आमच्या पेठांतला पेशंट सीपीआरला जातो तो ह्याच रस्त्यानं.