ओली गाडी ताब्यात घेऊ नका

नामिबियात स्वतः गाडी चालवत फिरायचा बेत असेल तर हे आधी वाचा. देशाबद्दल तक्रार नाही. आम्हाला नाडलं ते राजधानी विंडहुकमधल्या, गाड्या भाड्याने देणाऱ्या एका माणसाने.

आम्ही चौघं, टोयोटाची डबल कॅब हायलक्स पिकअप, टपावर दोन तंबू, १२ दिवस. गाडी द्यायला माणूस दोन तास उशिरा आला, दिवेलागणीला. गाडी नुकतीच धुतलेली, पाणी निथळतंय. ओल्या पत्र्यावर ओरखडे दिसत नाहीत, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. उलट आम्ही खूश, काय चकाचक गाडी दिलीय! ‘गाडी निर्दोष’ अशा कागदावर मी सही ठोकली.

सोलिटेर या वस्तीच्या अलीकडे खडीच्या रस्त्यावर मागचा टायर फाटला. स्टेपनी काढली, तर तिच्या कडेला चार आकडे: ३४१३. म्हणजे २०१३ सालच्या चौतिसाव्या आठवड्यातला टायर! रबरात नख जाईल अशा भेगा. सेस्रीम येण्याआधी तोही गेला. नशीब, गाडीसोबत दोन स्टेपन्या दिल्या होत्या आणि दुसरी धड होती. पुढे सोसुसफ्लेची शेवटची ५ किलोमीटर वाळू टायरमधली हवा कमी करून निभावली. एतोशा राष्ट्रीय उद्यानात ओकाकुएयो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्री काळा गेंडा पाहिला. सगळं छान.

गाडी परत करताना तोच माणूस. यावेळी भर दुपारी, हातात बॅटरी. आधी गाडीखाली सरपटला. मग आत बसून समोरच्या काचेवरची गाडीच्या परवान्याची गोल चकती नखाने अलगद सोलली. तिच्यामागे तडा. इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही, हात थेट तिथेच गेला!

काच, दोन ‘नवे’ टायर आणि खालचा पत्रा. यांतलं काहीच विम्यात बसत नाही, हे करारात बारीक अक्षरात होतंच. ३८ हजार नामिबियन डॉलर अनामतीतून कापले. विमानाला तीन तास उरलेले, भांडणार किती?

पुण्यात आल्यावर कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली. त्यांनी गाडी घेतानाचे फोटो मागितले. आमच्याकडे फोटो होते ते बिअरचे आणि सूर्यास्ताचे. तुम्ही मात्र दिवसाउजेडी, कोरड्या गाडीचा, खाली वाकून आणि ती चकती उचलायला लावून व्हिडिओ काढा. माणूस तोंड वाकडं करेल, करू दे.

मित्राने गंमत म्हणून त्या ३४१३ चा फोटो काढला होता. त्यावर एका टायरचे पैसे परत आले. बाकीचे गेले.