जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२: आठ महिन्यांच्या वापरानंतर

डेबियन ही लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टिम. मशीन साधं आहे: जुना आय-३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी आणि बॅकअपसाठी बाहेरून लावलेली १ टीबी हार्डडिस्क. नागपूरच्या धरमपेठेतल्या सहा जणांच्या हिशेबाच्या ऑफिसात ते सांबा (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारा प्रोग्रॅम) वापरून फाइल सर्व्हर म्हणून चालतं. या आठ महिन्यांत डेबियन आपणहून एकदाही बिघडलं नाही. जे बिघडलं ते सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) लावून हातानेच बिघडवलेलं.

पहिली ठेच इन्स्टॉल करतानाच लागते. रूटचा (मुख्य अ‍ॅडमिनचा) पासवर्ड दिला, की पहिल्या युजरला सुडो मिळतच नाही. तो रकाना रिकामा सोडला तर मिळतो. पासवर्ड देऊन बसला असाल तर रूट होण्यासाठी 'सु' नुसतं नको, पुढे डॅश द्या. नाहीतर यूजरमॉडलाही (युजरचे ग्रुप बदलणारी कमांड) 'कमांड नॉट फाउंड' येतं, कारण ती कमांड एसबिनमध्ये असते आणि तो फोल्डर साध्या युजरच्या पाथमध्ये (कमांड शोधायच्या जागांच्या यादीत) नसतो. युजरला ग्रुपमध्ये घालताना लहान ए आणि मोठा जी दोन्ही लावा. एकटा मोठा जी लावला तर बाकीचे ग्रुप उडतात, त्यात सुडोही जातो. ग्रुप बदलल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन केल्याशिवाय फरक दिसत नाही.

शेअर फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क) देऊन मोकळं होण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तसं न करता एक ग्रुप करा आणि फोल्डरला २७७५ द्या. त्या पुढच्या २ मुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल त्याच ग्रुपची होते. सांबाच्या कॉन्फिगमध्ये क्रिएट मास्क (नव्या फाइलीचे हक्क ठरवणारी ओळ) ०६६४ ठेवा, नाहीतर एकाने बनवलेली फाइल दुसऱ्याला उघडते पण सेव्ह होत नाही. सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डहून वेगळा असतो. तो एसएमबीपासडब्ल्यूडीने टाकावा लागतो.

आता खरा त्रास. एके दिवशी एसएसडी १०० टक्के भरली. डीएफ (डिस्कवरची एकूण जागा दाखवणारी कमांड) म्हणे भरली, डीयू (फोल्डरांचा आकार मोजणारी) लावून बेरीज केली तर बरीच जागा हिशेबात येईना. भानगड अशी होती: हार्डडिस्कचा अ‍ॅडॉप्टर यूपीएसवर नव्हता. वीज जाऊन आल्यावर मशीन चालू झालं, डिस्क झाली नाही. एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणारी फाइल) 'नोफेल' होतं म्हणून बूट अडलं नाही (ते नसतं तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसलं असतं, म्हणून ते काढू नका). रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) आरसिंक (फाइली कॉपी करणारी कमांड) चालवलं आणि सगळा बॅकअप रिकाम्या माउंट फोल्डरमध्ये (ज्यावर डिस्क जोडली जाते तो), म्हणजे एसएसडीवरच उतरला. सकाळी डिस्क माउंट केली आणि तो ढीग तिच्याखाली झाकला गेला. अनमाउंट केल्यावर दिसला. उपाय एका ओळीचा: स्क्रिप्टमध्ये आरसिंकच्या आधी 'माउंटपॉइंट -क्यू' आणि दोन अँपरसँड (&&). माउंट नसेल तर पुढचं चालतच नाही. एफएसटॅबला हात लावला की रीबूटच्या आधी 'फाइंडएमएनटी' ला 'व्हेरिफाय' लावून तपासा. आणि हो, अ‍ॅडॉप्टर आता यूपीएसवर आहे.

लॉग बघायला जुने लेख सिसलॉगची फाइल उघडायला सांगतात. डेबियन १२ मध्ये ती मुळात नसते. 'जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर' लावा, या बूटच्या फक्त चुका दिसतात. मागच्या बूटच्या हव्या असतील तर बी नंतर -१.

नागपूरचा मे महिना वेगळा विषय. बाहेर ४५ अंश असताना कॅबिनेट भिंतीला टेकवून ठेवलं, तर डीमेसेजमध्ये (सिस्टिमच्या संदेशांत) 'थ्रॉटल्ड', म्हणजे तापल्यामुळे प्रोसेसर मंद केला, हा शब्द दिसू लागतो आणि फाइली उघडायला वेळ लागतो. एलएम-सेन्सर्स (तापमान दाखवणारा प्रोग्रॅम) टाका, फॅनवरची धूळ महिन्याला काढा. कूलरचा झोत थेट मशीनवर नको, त्या हवेत ओल असते. यूपीएसची बॅटरीही उष्णतेने लवकर बसते, उन्हाळ्याआधी लोड लावून तपासून घ्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं, पण इथे अजून १२ च आहे. बॅकअपमधून एखादा फोल्डर परत काढून, फाइली उघडून पाहिल्याशिवाय सोर्सेस फाइलमध्ये बुकवर्मच्या (१२ चं नाव) जागी ट्रिक्सी (१३ चं) लिहायचं नाही.